कोंबड्यात दडलेला रंग

तपकिरी अंडं फोडल्यावर टरफल टाकून देण्याआधी एकदा आतून पाहावं. बाहेरून गव्हाळ, विटकरी किंवा चहाच्या रंगाचं दिसणारं ते टरफल आतून पांढरं असतं. मुखेडच्या आठवडी बाजारात टोपलीत मांडलेलं गावरान अंडं असो, की फ्रान्समधल्या मारान्स गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोंबडीचं पार चॉकलेटी अंडं असो, आतली बाजू पांढरीच. चिलीतल्या आराउकाना कोंबडीचं निळं अंडं मात्र आतूनही निळंच निघतं. असं का होतं हे कळायला कोंबडीच्या पोटात रोज रात्री काय चालतं ते पाहावं लागतं, आणि ते पाहता पाहता आपण थेट कोंबड्यापाशी येऊन पोचतो, ज्याने जन्मात एकही अंडं घातलेलं नसतं.

एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. पिवळा बलक अंडाशयातून सुटतो आणि नळीत शिरतो. त्याच्याभोवती पांढरा बलक चढायला ३ तास पुरतात, पुढच्या तासा-सव्वा तासात त्यावर पातळ पापुद्रे विणले जातात. उरलेला जवळजवळ सगळा वेळ, म्हणजे २० तासांच्या आसपास, अंडं टरफलाच्या ग्रंथीत पडून असतं. गाव झोपलेलं असतं आणि खुराड्यातली कोंबडी रक्तातून कॅल्शियम ओढून त्या मऊ पिशवीवर चढवत असते. एका टरफलाला २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. दिवसभर टिपलेल्या दाण्या-किड्यांतलं रात्री कमी पडलं, तर ती स्वतःच्या हाडांतलं काढते. अंड्यावर येणाऱ्या तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत याच कामासाठी एक वेगळं हाड तयार होतं. ते लवकर साठतं, लवकर विरघळतं, आणि कोंबड्याच्या हाडांत ते एरवी नसतंच. दर अंड्यामागे एवढं देऊन ती दुसऱ्या दिवशी परत अंगणात दाणे टिपायला हजर असते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

टरफल जवळजवळ पुरं झाल्यावर, अंडं बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत, त्याच ग्रंथीच्या पेशी तपकिरी रंग सोडतात. तो बाहेरच्या थरांत आणि सगळ्यांत वरच्या पातळ लेपात बसतो. आधी भिंत पांढरी उभी राहते आणि रंगाचा हात शेवटी फिरतो, म्हणून आतून पांढरं. तपकिरी अंडं व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून बोटाने घासलं, की वरचा रंग सुटून खालचं पांढरं टरफल दिसू लागतं. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा.

या रंगाचं नाव प्रोटोपॉर्फिरिन. ते नाव अवघड वाटलं तरी वस्तू परकी नाही. आपलं रक्त लाल करणारं हीम याच रेणूच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसवून तयार होतं. टरफलावर चढतो तो लोह न बसवलेला रेणू. त्याचा आणखी एक गुण अंधारात दिसतो. खोट्या नोटा ओळखायला दुकानदार जो जांभळ्या उजेडाचा दिवा वापरतात, त्यासारख्या अतिनील दिव्याखाली अंधाऱ्या खोलीत ताजं तपकिरी अंडं धरलं, की ते लालसर गुलाबी चमकतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस अंडं हातातून खालीच ठेवत नाही.

निळ्या अंड्याचा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा. हा आपल्या आणखी ओळखीचा आहे. गुडघ्याला मार लागला की काळानिळा डाग पडतो आणि काही दिवसांनी तो हिरवट दिसू लागतो. त्वचेखाली सांडलेल्या रक्तातलं हीम मोडतं, त्यातून बिलिव्हर्डिन निघतं, त्याचाच तो हिरवा. म्हणजे जगभरच्या कोंबड्यांच्या अंड्यांचे सगळे रंग एकाच हीमच्या दोन टोकांना उभे आहेत. हीम तयार होण्याच्या आधीच्या पायरीवरचा रेणू तपकिरी रंग देतो, हीम मोडल्यानंतरचा रेणू निळा देतो. निळा रंग टरफल घडत असतानाच त्यात मिसळत राहतो, म्हणून तो आरपार असतो. निळ्या टरफलावर शेवटी तपकिरी थर चढला, की अंडं हिरवं किंवा शेवाळी दिसतं. हिरव्यासाठी तिसरं द्रव्य लागत नाही.

निळ्या अंड्याकडे अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं. साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश कुक्कुटतज्ज्ञाने १९१४ मध्ये चिलीत या कोंबड्या पाहिल्या आणि १९२१ मध्ये हेग इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांची माहिती मांडली. तिथल्या मापुचे लोकांच्या अंगणात त्या आधीपासून नांदतच होत्या. १९३३ मध्ये केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी दाखवून दिलं की निळा रंग एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकतेचा जो चौकोन मुलं काढतात, तो याच पनेट यांच्या नावाचा. आई-बापांपैकी एकाकडूनही ते जनुक मिळालं, तरी मुलगी निळंच अंडं घालते.

हे जनुक आलं कुठून, याचं उत्तर २०१३ मध्ये मिळालं, आणि ते कुणी कल्पनेने रचलं असतं तर पटलं नसतं. केव्हा तरी, फार पूर्वी, एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रात घुसून कायमचा राहिला. तो जिथे घुसला त्याच्या शेजारी एक जनुक होतं, ज्याचं काम एरवी यकृतात चालायचं: पित्तातली द्रव्यं पेशीच्या भिंतीतून पलीकडे नेणं. शेजारी येऊन बसलेल्या विषाणूच्या तुकड्यामुळे ते जनुक टरफलाच्या ग्रंथीतही जागं झालं, आणि टरफल निळं होऊ लागलं. त्याहून थक्क करणारी बाब अशी, की चीनमधल्या डोंगशियांग जातीच्या निळ्या अंड्यांमागेही हाच विषाणू निघाला, पण गुणसूत्रात तो किंचित वेगळ्या जागी बसलेला. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांशी संबंध नसताना, हा अपघात दोनदा घडला. दोन्ही वेळा कुणीतरी ते निळं अंडं टाकून न देता खुडूक कोंबडीखाली ठेवलं, म्हणून आज ते आपल्याला पाहायला मिळतं.

या जनुकाला एक शेजारी आहे आणि पैदास करणाऱ्यांसाठी तो सोन्यासारखा आहे. कोंबड्यांच्या तुऱ्याचे अनेक प्रकार असतात. त्यांतला बुटका, तीन ओळींचा तुरा ठरवणारं जनुक पहिल्याच गुणसूत्रावर, निळ्या रंगाच्या जनुकाला जवळजवळ चिकटून असतं. त्यामुळे आराउकानाच्या वंशात हे दोन्ही गुण बहुतेक वेळा जोडीने पुढच्या पिढीत जातात. काही दिवसांच्या पिल्लाच्या डोक्यावर बोट फिरवून ते पुढे निळ्या अंड्याचं जनुक नेणार का, याचा अंदाज बांधता येतो, आणि तो नराबाबतही बांधता येतो. पण ही खूण एका वंशापुरतीच खरी. आपल्या असील कोंबड्याचा तुराही असाच बुटका, तीन ओळींचा, पण असीलची मादी निळं अंडं घालत नाही, फिक्कं तपकिरी घालते. तिच्या गुणसूत्रात तुऱ्याचं जनुक आहे, शेजारची जागा मात्र त्या विषाणूविना मोकळी आहे. म्हणून परमुलखातल्या कोंबड्यांवरून बांधलेला ठोकताळा आपल्या अंगणात जसाच्या तसा लावू नये.

आपल्या मराठवाड्यातल्या गावरान कोंबड्यांचं अंडं निळ्याच्या वाटेला जात नाही. ते फिक्क्या मलईपासून गव्हाळापर्यंत आणि क्वचित चांगल्या तपकिरीपर्यंत असतं. सगळ्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा, त्याच्या मादीचं अंडंही मलईच्या रंगाचं. तिथून पुढे माणसांनी दोन दिशांना ओढ दिली. चीनकडच्या मोठ्या, पायांवर पिसं असलेल्या जातींत गडद रंग साठत गेला. १८४० च्या दशकात आणि त्यानंतर त्या युरोप-अमेरिकेत पोचल्या. अमेरिकेत घडलेली ऱ्होड आयलंड रेड आणि फ्रान्सची मारान्स, दोघींच्या तपकिरी अंड्यांत आशियाई रक्ताचा वाटा आहे. भूमध्य समुद्राकाठच्या जातींत रंग उलट पुसला गेला. इटलीतून आलेली लेगहॉर्न ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. आज मुखेडच्या किराणा दुकानात ट्रेमध्ये दिसणारं पांढरंशुभ्र अंडं याच लेगहॉर्नच्या वंशातलं. त्या वंशातली बीव्ही-३०० ही कोंबडी पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने देशभर नेली. ती वर्षाला ३०० हून जास्त अंडी घालते. गावरान कोंबडीची वर्षाची अंडी ५०-६० च्या घरात, कारण मध्येच ती खुडूक बसते आणि पिल्लं वाढवते.

त्यामुळे बाजारात रंगाला किंमत आली. तपकिरी म्हणजे गावरान, हे समीकरण शहरातल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ते अर्धंच खरं आहे. तपकिरी अंडी घालणाऱ्या, पिंजऱ्यात वाढणाऱ्या संकरित कोंबड्याही आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जातींचं अंडंही तपकिरीच ठेवलं आहे, कारण खेड्यातल्या बाजारात तेच खपतं. दुसरीकडे मोकळं फिरणाऱ्या अस्सल गावरान कोंबडीचं अंडं कधी कधी इतकं फिक्कं असतं, की गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवतं. पोषणाचा टरफलाच्या रंगाशी संबंध नाही. मोकळ्या कोंबडीला, तिला सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टाला जास्त भाव मिळावा असं मला मनापासून वाटतं. पण तो रंगावर ठरला, की फिक्कं अंडं घालणाऱ्या चांगल्या कोंबडीवर अन्याय होतो.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग ओळखता येतो असंही सांगतात: पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी. लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड शेजारी उभ्या केल्या तर हे तंतोतंत पटतं. आराउकानाची पाळी लाल आणि अंडं निळं, इंग्लंडच्या डॉर्किंगची पाळी लाल आणि अंडं पांढरं, हे पाहिलं की विश्वास डळमळतो. कडकनाथ तर कातडी, मांस, हाडांवरची आवरणं सगळ्यांत काळा, पण त्याच्या मादीचं अंडं फिक्कं तपकिरी. शरीराचा रंग घडवणारी यंत्रणा आणि टरफलाचा रंग घडवणारी यंत्रणा वेगवेगळ्या आहेत.

आता समजा मुखेडच्या एखाद्या वस्तीवर कुणाला आपल्या गावरान कोंबड्यांतूनच चांगल्या गडद अंड्यांचा कळप उभा करायचा आहे. हे होण्यासारखं आहे. अंड्यांची संख्या दाणा-पाणी, रोगराई, ऋतू अशा पुष्कळ गोष्टींवर हलते, त्यामुळे निवडीने ती सावकाश वाढते. टरफलाचा रंग मात्र बराचसा वंशातून येतो, म्हणून निवडीला तो लवकर दाद देतो. फक्त तो निळ्यासारखा एका जनुकाचा कारभार नाही. तपकिरी रंगात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. गडद आणि फिक्क्या वंशांचा मेळ घातला की पिल्लांत मधल्या छटा येतात, आणि दर पिढीला थोडं थोडंच पुढे सरकता येतं.

या मुलखाला हे काम नवं नाही. मुखेड, कंधार, लोहा हा लाल कंधारी गुरांचा पट्टा आहे, आणि इथल्या शेतकऱ्याची नजर वळूच्या रंगावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे. गडद लाल कातडी, बांधा, शिंगांची ठेवण, सगळं पाहून वळू ठरतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात जनावरांची प्रदर्शनं भरतात, त्यांत कोंबड्यांनाही जागा असते. वळू दूध देत नाही, तरी त्याच्या आईने किती दूध दिलं हे विचारल्याशिवाय जाणता माणूस त्याला गायीवर सोडत नाही. कोंबड्याच्या बाबतीत हाच प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. अंगणात जो उरला तो पैदाशीचा.

पहिली गोष्ट, कुठलं अंडं कुणाचं हे कळलं पाहिजे. कोंबड्या सांभाळणाऱ्या बायांना हे बहुतेक वेळा न सांगता कळतं, कारण प्रत्येक कोंबडीच्या अंड्याचा आकार, टोक, छटा, बारीक ठिपके महिनोन्‌महिने सारखे राहतात. संशय असेल तर एक सोपी युक्ती आहे: कोंबडीच्या गुदद्वाराला आतून थोडा खाण्याचा रंग लावायचा. दुसऱ्या दिवशी ज्या अंड्यावर त्याची रेघ उमटेल, ते तिचं. मोठ्या पैदास केंद्रांत यासाठी झडपेची खुराडी असतात. कोंबडी आत शिरली की दार पडतं आणि माणूस येऊन सोडवेपर्यंत ती अंड्याजवळच थांबते.

मग तुलना करायची, पण एका वयाच्या कोंबड्यांची. तलंग अंड्यावर येते तेव्हाची अंडी सर्वांत गडद असतात. पुढे अंडं मोठं होत जातं, रंग तेवढाच राहतो आणि जास्त जागेवर पसरतो, म्हणून दोन वर्षांच्या कोंबडीचं अंडं तिच्या मुलीच्या अंड्यापेक्षा फिक्कं दिसलं तर मुलगी सरस ठरत नाही. अंडं घालायच्या वेळी कुत्रं मागे लागलं, घार दिसली, पोरांनी हाकललं, तर कोंबडी अंडं रोखून धरते. त्या वाढीव वेळात रंगावर पुन्हा चुन्याची पूड चढते आणि अंडं पांढुरकं, कधी पट्टा ओढल्यासारखं येतं. श्वासनलिकेच्या साथीच्या रोगातही कवच फिक्कं आणि वेडंवाकडं होतं. म्हणून एका अंड्यावर निकाल देऊ नये. सलग काही आठवड्यांची अंडी क्रमाने मांडली की जिचा रंग टिकून राहतो ती कोंबडी आपोआप दिसते. रंग उन्हात नाही, सावलीत पाहावा, आणि नेहमी त्याच जागी.

कोंबडी रंगाला चांगली पण घालते किती, हेही अंगावर वाचता येतं. पायांच्या नळ्या पिवळ्या असलेल्या कोंबडीत ही वाचणी सर्वांत सोपी. तिच्या कातडीतला पिवळा रंग दाण्यातून, हिरव्या पाल्यातून येतो. ती अंड्यावर आली की तोच रंग बलकाकडे वळतो आणि कातडीचा पिवळेपणा उतरू लागतो: आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्याची कड, मग चोच, शेवटी नळ्या. नळ्या पार फिक्क्या पडलेली कोंबडी बरेच महिने नेटाने घालते आहे. अंडं घालणं थांबलं की त्याच क्रमाने पिवळा परत भरतो. आणि हा पिवळेपणा मुळात लाल रानकोंबड्याचा नाहीच. २००८ मधल्या संशोधनाने दाखवलं की पाळीव कोंबड्यांतलं पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, जो सह्याद्रीसह दक्षिण भारताच्या रानांत राहतो. जगातल्या असंख्य कोंबड्यांच्या पायांवर आपल्याकडच्या रानातला हा रंग फिरतो आहे.

निवडलेल्या ८-१० माद्या आणि एक नर, एवढ्यांचा पैदाशीचा एक कप्पा. तुराट्यांचा कुड, वर पाचट, कोल्हा-मुंगूस शिरणार नाही अशी खाली जाळी, चुन्यासाठी फोडलेले शिंपले. मुखेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा उबवणीसाठी ठेवलेलं अंडं कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट वाढू लागतं आणि गर्भ मरतो. म्हणून अशी अंडी घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत.

खरी परीक्षा नराची. कप्प्यात जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला अर्धा वारसा बापाकडून मिळतो. माद्या आठ आणि नर एक, म्हणजे त्या एका कोंबड्याच्या निवडीला आठ माद्यांच्या निवडीइतकं वजन आहे. अंड्याच्या रंगाची जनुकं त्याच्या प्रत्येक पेशीत आहेत, पण ती कधी बोलत नाहीत, कारण त्याला टरफलाची ग्रंथीच नाही. त्याच्या तुऱ्यात, पिसांत, आरवण्यात तपकिरी रंगाचा काहीही पुरावा नसतो. तो दोन ठिकाणी सापडतो. मागे पाहायचं तर त्याची आई आणि बहिणी कसली अंडी घालतात ते पाहायचं. म्हणून नर ठेवायचा तो सर्वांत गडद अंड्यातून निघालेला, आणि त्यासाठी ते अंडं वेगळ्या खुडूक कोंबडीखाली बसवायचं. इथे गावची रीत यंत्रापेक्षा सरस ठरते. उबवणी यंत्रात सगळ्यांची अंडी एकत्र होतात, पण एका खुडूक कोंबडीखाली एकाच कोंबडीची अंडी ठेवली तर २१ दिवसांनी निघालेली सगळी पिल्लं सख्खी भावंडं असतात, आणि पायात एका रंगाचा दोरा बांधला की कुळाची नोंद झाली. पिल्लू वाढेल तसा दोरा बदलत राहावा, नाहीतर तो नळीत रुततो.

पुढे पाहायचं तर त्याच्या मुलींची अंडी पाहायची. हा पुरावा सर्वांत पक्का, आणि सर्वांत उशिरा येणारा. पिल्लं निघायला ३ आठवडे, गावरान तलंग अंड्यावर यायला ६-७ महिने, मग त्यांची तुलना आयांच्या तलंगपणीच्या अंड्यांशी. मुली आयांपेक्षा सातत्याने गडद घालत असतील, तर बाप खरा. पण तोवर बाप जिवंत पाहिजे. आपल्याकडे सर्वांत भरदार कोंबडा कंदुरीला जातो, जावई आला की जातो, बाजारात सर्वांत आधी उचलला जातो. मागे उरतो तो कुणाच्या नजरेत न भरलेला, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. गावरान कळपाची इतक्या वर्षांची निवड नकळत अशी उलटी चालू आहे. रंगाचं, वजनाचं, कशाचंही काम करायचं असेल, तर मला वाटतं एक चांगला कोंबडा दोन वर्षं न कापणं ही त्यातली सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

नर बदलताना कोंबडीच्या शरीरातलं आणखी एक आश्चर्य आडवं येतं. टरफलाची ग्रंथी आणि योनी यांच्या सांध्यावर अतिशय बारीक नलिका असतात, आणि नराचं बीज त्या नलिकांत जिवंत राहतं. काही तास नव्हे, दोन-तीन आठवडे. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास, तरीही तिथे ते टिकतं आणि रोज थोडं थोडं सुटून नव्या बलकाला फळवतं. म्हणून कोंबडा विकल्यावरही कितीतरी दिवस अंड्यातून पिल्लं निघतात. आज जुना नर काढून नवा सोडला, तर पुढची काही अंडी कुणाची हे सांगता येत नाही. नव्या नराची परीक्षा घ्यायची असेल, तर जुना काढल्यापासून किमान ३ आठवडे थांबावं, ४ थांबलं तर उत्तम, आणि मधली अंडी खाण्याला वापरावीत. मधल्या अंड्यांतला एक कोंबडा चुकीच्या बापाच्या नावावर गेला, तर पुढच्या दोन वर्षांची नोंद बिघडते.

एकाच बापाचे मुलगे त्याच कप्प्यात बहिणींवर सोडत गेलं, तर रंग गडद होईल, पण अंडी पोकळ निघू लागतील, पिल्लं दुबळी होतील. त्यावर साधा उपाय फिरत्या नरांचा. तीन कप्पे असतील तर मुली आपल्या कप्प्यातच राहतात. पहिल्याचे निवडक नर दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. दर पिढीला हाच फेरा. तीन कप्पे एकाच घरी असायला हवेत असं नाही. मुखेडची एक वस्ती, जळकोटकडचं एखादं गाव आणि उदगीरजवळचं तिसरं, असे तीन घरांनी दरवर्षी नर बदलले तरी तेच साधतं, आणि मानमोडीची साथ एका ठिकाणी आली तर दोन ठिकाणचा कळप वाचतो. लसीकरणाबद्दल, उबवणीबद्दल विचारायला उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणखी एक खुराडं मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवावं, असा माझा आग्रह आहे. गावरान कळपात मलईपासून तपकिरीपर्यंत सगळ्या छटा सापडतात, कारण त्यांना कुणी रंगासाठी निवडलेलंच नाही. त्याच मोकळेपणात उन्हाळा सोसण्याची, घारीची सावली ओळखण्याची, उकिरड्यावर पोट भरण्याची जनुकंही राहिली आहेत. रंगामागे लागून फक्त गडद अंडी बसवली, तर त्यांतली कुठली हातची जातील हे आधी कळत नाही. त्या खुराड्यात अंड्याच्या रंगाकडे न पाहता कोंबड्या ठेवाव्यात: साथीतून वाचलेली, दर उन्हाळ्यात खुडूक बसून सगळी पिल्लं वाढवणारी, मुंगसावर चाल करून जाणारी. त्यांतल्या एखादीचं अंडं बाजारात मागे पडण्याइतकं फिक्कं असेल, तरी तिची पिल्लं दरवर्षी निघावीत.